अ‍ॅक्युपंक्चर करून बघायचंय? सुई लागण्याआधीची तयारी, गोव्यातल्या वाचकांसाठी

गोव्यात अ‍ॅक्युपंक्चर दोन वाटांनी माणसापर्यंत पोचतं. एक वाट किनाऱ्याची. हरमल, मांद्रे, मोरजी, हणजूण या पट्ट्यात योगवर्ग आणि मसाजच्या पाट्यांच्या रांगेत एखादी पाटी सुयांचीही असते. दुसरी वाट गावातली. फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या बाजारात पहिल्या मजल्यावरची एखादी खोली, नाहीतर देवळाच्या सभागृहात भरलेलं शिबिर, आणि त्यामागे शेजारच्या काकींची शिफारस: "माझ्या गुडघ्याला उतार पडला, तूही जाऊन ये."

सुई दुखते का, हे सगळेच पहिलं विचारतात. त्याचं उत्तर पुढे येईल आणि ते फारसं भयंकर नाही. पैसा, वेळ आणि कधी कधी तब्येत खर्ची पडते ती सुईमुळे क्वचितच. आपल्याला नेमकं काय झालंय हे न कळता थेट खाटेवर जाऊन पडलं की ती पडते. म्हणून या लेखाचा मोठा भाग सुईच्या आधीच्या गोष्टींचा आहे.

आधी दुखण्याचं नाव कळू द्या

कंबर दुखते, खांदा धरलाय, डोकं ठणकतं ही लक्षणं झाली. त्यांच्यामागे काय आहे हे शोधायचं काम डॉक्टरचं, आणि ते सुया लावायला जाण्यापूर्वी उरकलेलं बरं. सत्तरी-डिचोलीकडे काजूच्या दिवसांत वाकून वाकून बोंडू गोळा करणाऱ्या बायकांची कंबर भरून येते, लावणीत तेच होतं. असं दुखणं बहुतेक वेळा स्नायूंचंच असतं आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. पण "बहुतेक वेळा" या शब्दांवर विसंबून सुया लावून घेऊ नयेत.

कंबरदुखीबरोबर पाय बधिर होत असेल किंवा त्यातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, ताप असेल, वजन उगाच घटत असेल, पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर वाट थेट इस्पितळाची. बांबोळीचं गोमेकॉ, म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, जे जवळ असेल ते. आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात उठली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा छातीतली कळ डाव्या हातात उतरली, तर १०८ ला फोन करायचा. त्या वेळी कोणी हाताचा अमुक पॉइंट दाबायला सुचवलं तर त्याला गाडीची वाट बघायला दारात उभं करा.

माझ्या ओळखीतल्या एका मामांचा खांदा वर उचलेना. शर्ट घालायला घरातल्यांची मदत लागायची. पावसाळाभर त्यांनी एका ठिकाणी सुया लावून घेतल्या. थोडं बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी गावातल्याच डॉक्टरांनी खांदा हलवून बघितला आणि विचारलं, "मामा, रक्तातली साखर कधी तपासली होती?" कधीच तपासली नव्हती. तपासली तर ती चांगलीच चढलेली निघाली. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. सुयांनी मामांचं काही बिघडवलं नाही, पण साखरेला तेवढे महिने मोकळं रान मिळालं.

जाताना एक्स-रे, रक्ताचे अहवाल, चालू गोळ्यांची चिठ्ठी सगळं फायलीत घालून न्या. समोरच्याने ती फाईल उघडूनही बघितली नाही, तर त्या माणसाबद्दल तुम्हाला बरंच काही कळलं.

उपयोग कशाला होतो, कशाला नाही

ज्या चिनी परंपरेतून ही पद्धत आली तिचं म्हणणं असं, की शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, ती अडली की आजार होतो, आणि मार्गावरच्या पॉइंटवर सुई लावली की वाट मोकळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण मानलेले असे ३६१ पॉइंट आहेत. शवविच्छेदनात किंवा स्कॅनमध्ये हे मार्ग कोणाला सापडलेले नाहीत. आजचे अभ्यासक मज्जातंतूंच्या भाषेत बोलतात: सुईने तंतू चेतवले जातात आणि मेंदू-मज्जारज्जूतून शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सुटतात. 'ची' वर विश्वास नसला तरी उपचार घेता येतो. आणि विश्वास असला म्हणून सगळे आजार बरे होत नाहीत.

पुराव्याचं बोलायचं तर जर्मनीतला एक मोठा अभ्यास फार बोलका आहे. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण, तीन गट. पहिल्या गटाला रीतसर अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला लुटुपुटूचं, म्हणजे पॉइंट सोडून भलतीकडेच वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे औषधोपचार आणि व्यायाम. सहा महिन्यांनी फरक पडलेले रुग्ण पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ आणि तिसऱ्यात २७.४.

या आकड्यांतून दोन्ही बाजू आपापला विजय काढतात. सुयावाले म्हणतात, बघा, औषधांपेक्षा आम्ही सरस. टीकाकार म्हणतात, बघा, सुई कुठेही टोचली तरी तेच. मला दोघांचंही अर्धंअर्धं पटतं. नेमक्या पॉइंटचं माहात्म्य सांगितलं जातं तेवढं नसावं. पण कोणीतरी वेळ काढून ऐकतो, हात लावून तपासतो, अर्धा तास शांत पडून राहायला लावतो आणि वर सुईची चेतना, या सगळ्याचा मिळून दुखण्यावर काहीतरी परिणाम होतो. जुनाट दुखण्याने गांजलेल्याला तेही थोडं नसतं.

तज्ज्ञांच्या संस्थांचंही एकमत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असं सांगितलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेने त्याच कंबरदुखीसाठी ते करून बघण्याजोग्या उपायांच्या यादीत घातलं. पुरावा जवळपास तोच, फक्त मोजायची पट्टी वेगळी. तेव्हा "विज्ञानाने सिद्ध झालंय" म्हणणारा आणि "सगळं थोतांड आहे" म्हणणारा, दोघांकडेही जरा सबुरीने बघावं.

डोकेदुखीत चित्र त्यामानाने बरं आहे. अर्धशिशी वारंवार उठणाऱ्यांच्या अभ्यासांचा कोक्रेन या संस्थेने २०१६ मध्ये आढावा घेतला. त्यात सुया लावून घेतलेल्यांपैकी ४१ टक्क्यांची डोकेदुखीची वारंवारता निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरली, काहीच न घेतलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. शस्त्रक्रियेनंतरच्या आणि केमोथेरपीतल्या मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूचा पॉइंटही बराच तपासलेला आहे. तळव्याखालच्या घडीपासून तीन बोटं वर, मधल्या दोन शिरांसारख्या लागणाऱ्या दोऱ्यांच्या मध्ये. बोटीत मळमळतं म्हणून लोक मनगटपट्टे बांधतात, ते याच जागी. हे सुईशिवाय, बोटाने दाबूनही करता येतं. फुकट आहे, धोका नाही, करून बघायला हरकत नाही.

गुडघ्याची झीज, मान, खांदा यांचं जुनं दुखणं ही मधली पायरी. थोडाफार आराम पडू शकतो, झिजलेली कूर्चा परत उगवत नाही.

आता जिथे हात आखडता घ्यावा तो भाग. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब, कर्करोग, मूत्रपिंडाचे आजार सुयांनी बरे होतात म्हणून जो कोणी सांगेल, त्याला नमस्कार करून बाहेर पडावं. मूल होण्यासाठी टेस्टट्यूब बेबीच्या उपचारांबरोबर सुयांचं पॅकेज विकलं जातं. २०१८ मध्ये ८४८ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के आणि लुटुपुटूच्या गटात १७.८ टक्के बायकांना मूल झालं. म्हणजे फरक नाहीच. आधीच लाखांत खर्च करत असलेल्या जोडप्याला हा आकडा कोणीतरी दाखवायला हवा. पक्षाघातानंतर फिजिओथेरपीचे पहिले महिने सोन्याचे असतात. सुया लावायच्या तर त्या व्यायामाला जोडून, व्यायाम बुडवून नव्हे.

सुई कोणाच्या हातात द्यायची

आपल्याकडे एक समज आहे, की सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे ही विद्या भारतात आली. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात कोटणीस होते, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. पण कोटणीस शल्यविशारद होते आणि १९४२ मध्ये तिकडेच वारले. अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात रुजवलं ते त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन आल्यावर. कोटणीसांचं नाव बऱ्याच सुयांच्या दवाखान्यांवर दिसतं, ते आदरापोटी. त्या नावावरून आतल्या माणसाची पात्रता कळत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. केंद्र सरकारने २००३ च्या आदेशात नोंदणीकृत डॉक्टरांना आणि योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांना ही उपचारपद्धती वापरायला मुभा दिली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. शेजारच्या महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने वेगळी परिषद आणि नोंदणीची सोय केली. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा बांद्याकडून आठवड्यातून एखाद्या दिवशी गोव्यात येऊन बसणारे व्यावसायिक असतात. त्यांना त्या परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला काहीच हरकत नाही.

प्रत्यक्षात तुमच्यासमोर चार प्रकारची माणसं येतील. एमबीबीएस किंवा त्यापुढची पदवी असलेले डॉक्टर, ज्यांनी वेगळं प्रशिक्षण घेतलंय. निसर्गोपचाराची साडेपाच वर्षांची बीएनवायएस पदवी घेतलेले, ज्यांच्या अभ्यासक्रमात अ‍ॅक्युपंक्चर असतं. फिजिओथेरपिस्ट, जे 'ड्राय नीडलिंग' करतात. सुई तीच, पण ती आखडलेल्या स्नायूच्या गाठीत जाते, 'ची' चा तिथे संबंध नाही. आणि चौथे, नुसता डिप्लोमा किंवा सर्टिफिकेटवाले. या चौथ्या प्रकारात खूप चांगले हातही आहेत आणि दोन शनिवार-रविवारांत शिकून आलेलेही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत डॉक्टर नसलेल्यांसाठी पूर्ण प्रशिक्षण २,५०० तासांचं धरलंय, आधीच डॉक्टर असलेल्यांना मर्यादित वापरासाठी २०० तास. भिंतीवरच्या चौकटीत तारखा असतात. एकदा निवांत वाचा.

फोनवरच विचारून घ्यावं: तुमचं शिक्षण काय, कुठे झालं, किती वर्षं करताय, माझ्यासारख्या दुखण्याला साधारण किती सिटिंग लागतात, फरक नाही पडला तर तुम्ही काय करता. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "फरक पडतोच" म्हणणाऱ्यापेक्षा "सहा सिटिंगमध्ये काही वाटलं नाही तर मीच थांबायला सांगतो" म्हणणारा केव्हाही भला. नाडी धरून, जीभ बघून कर्करोग किंवा हृदयरोग सांगणारा, चालू गोळ्या बंद करायला लावणारा, सोबत स्वतःचीच पुड्यांतली औषधं खपवणारा, यांची पायरी चढायची नाही.

किनाऱ्यावर परदेशी व्यावसायिकही भेटतात, काहींचा हात खरोखर छान असतो. पण पर्यटक व्हिसावर धंदा करायला परवानगी नसते, त्यामुळे पावती नाही, नोंद नाही, आणि मे संपताना शॅकबरोबर माणूसही गायब. काही झालं तर दाद मागायची कोणाकडे? स्वस्त मिळालं तरी मी जाणार नाही.

खोलीत शिरल्यावर डोळे उघडे ठेवा

सुया एकदाच वापरायच्या, निर्जंतुक, बंद पाकिटातल्या असाव्यात. यात तडजोड नाही. पाकीट तुमच्यासमोर फोडलं गेलं पाहिजे. त्यावर निर्जंतुकीकरणाची आणि मुदत संपण्याची तारीख असते. बऱ्याच पाकिटांची एक बाजू कागदाची असते आणि आपल्या जून-जुलैच्या दमट हवेत कागद ओलावतो, सुटतो, त्यावर बुरशीचे ठिपकेही येतात. कागद ओलसर किंवा उकललेला दिसला तर आतली सुई निर्जंतुक राहिली असं धरता येत नाही. "दुसरं पाकीट काढा" म्हणायला लाजू नका.

काही ठिकाणी प्रत्येक रुग्णाच्या नावाची बाटली असते आणि त्याच्याच सुया स्पिरिटमध्ये बुडवून पुन्हा वापरतात. "तुमच्याच आहेत हो," असं वर सांगतात. स्पिरिटने सुई निर्जंतुक होत नाही, आणि बाटल्यांची अदलाबदल व्हायला एक घाईची सकाळ पुरते. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर वाळल्या रक्तात आठवडाभर तग धरतो. अशा जागी न थांबलेलंच बरं. वापरलेल्या सुया कुठे टाकतात तेही बघा. नियमाप्रमाणे पांढऱ्या, न टोचणाऱ्या बंद डब्यात जायला हव्यात. कचऱ्याच्या बादलीत सुया दिसल्या तर बाकीचं काही बघायची गरज नाही.

शिबिरांबद्दल माझं मत जरा कडक आहे. चाळीस माणसं खुर्च्यांवर, एक तपासणारा, दोन मदतनीस. हात कधी धुणार, इतिहास कधी विचारणार? माहिती घ्यायला जरूर जा, सुई मात्र दवाखान्यात.

न विचारता सांगायच्या गोष्टी

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, विशेषतः वॉरफरिन, किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर ते सुई लागण्याआधी सांगायला हवं. साध्या अ‍ॅस्पिरिनचंही सांगा. काही जण सुयांतून सौम्य वीज देतात. पेसमेकर असेल तर ती जोडायची नाही, हे तुम्ही स्वतः बजावा. गरोदरपणात अंगठा आणि तर्जनीमधला आणि घोट्याच्या वरच्या आतल्या बाजूचा, असे काही पॉइंट परंपरेनेच वर्ज्य मानलेत. दिवस गेल्याची नुसती शंका असली तरी बोला, आणि आधी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील आणि हात सुजत असेल तर त्या हाताला सुई नको. केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, तेव्हा कर्करोगाच्या डॉक्टरांच्या होकाराशिवाय काहीही टोचून घ्यायचं नाही. मधुमेहाने पावलांची जाणीव कमी झाली असेल तर तिथे सुया आणि त्याहून जास्त शेक टाळावा. लागलेलं कळत नाही आणि जखम भरत नाही. नकली दागिन्यांनी कानाला खाज सुटत असेल, म्हणजे निकेलची अ‍ॅलर्जी, तर तीही सांगा. पूर्वी इंजेक्शन बघून भोवळ आली असेल तर लपवू नका, झोपवून सुया लावतील.

सुईचा दिवस

उपाशी जाऊ नका. पोट रिकामं असलं की भोवळ यायची शक्यता वाढते. तासा-दीड तासापूर्वी पेज आणि लोणचं असलं काहीतरी हलकं पोटात असावं. आदल्या रात्रीची फेणी उतरलेली असावी. कपडे सैल, बाही कोपरावर आणि पायजमा गुडघ्यावर चढेल असे. बायकांनी सोबत कोणाला तरी न्यावं, आणि पाठीसाठी कपडे काढायचे असतील तर चादर मागावी. चांगल्या ठिकाणी मागावी लागत नाही.

आता सुई. ती इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते, भरीव असते. जाडी साधारण ०.२० ते ०.३० मिलिमीटर, तर दंडावर मिळणाऱ्या इंजेक्शनची सुई ०.६ च्या आसपास. बहुतेक ठिकाणी सुई प्लास्टिकच्या बारीक नळीतून येते. नळी कातडीवर टेकवतात, सुईचं डोकं नळीच्या वर केसभर डोकावत असतं, त्यावर तर्जनीने एक टिचकी. टिचकी कळते, टोचणं पुष्कळदा कळतच नाही. मग नळी काढून सुई हळूहळू आत सरकवतात, जागेनुसार काही मिलिमीटर ते दोन-तीन सेंटिमीटर. एका क्षणी आतून जड, ठसठसल्यासारखं, कधी मुंग्या आल्यासारखं वाटतं. ती अपेक्षित भावना आहे, त्याला दुखणं म्हणता येणार नाही. पण विजेसारखी कळ सरकन खाली गेली, तर सुई मज्जातंतूला लागली असावी. लगेच बोला. शूरपणा दाखवायची ही जागा नव्हे.

सुया वीस-तीस मिनिटं राहतात. तेवढा वेळ हलायचं नसतं, म्हणून नाक शिंकरणं, बाथरूमला जाणं आधीच उरकून घ्या आणि मोबाइल पिशवीत ठेवा. एकटं सोडून जाणार असतील तर हाक मारल्यावर कोण येणार ते विचारा. घाम फुटला, मळमळलं, कानात दडे बसले तर लगेच सांगायचं. सुया काढून पाय वर करून झोपवलं की पाच-दहा मिनिटांत माणूस ठीक होतो. उठताना लावलेल्या आणि काढलेल्या सुया मोजल्या का, हे तुम्हीच विचारा. केसांत किंवा चादरीखाली एखादी राहून जाते.

पहिल्या वेळी स्कूटर चालवत घरी यायचा बेत नको. काहींना गुंगी येते, आणि महामार्गावर ती परवडत नाही. कोणाला तरी न्यायला बोलवा, नाहीतर कदंबाने या.

सुयांबरोबर आणखी काही देऊ करतील, त्याचं थोडक्यात. सुयांना बारीक तारा लावून सौम्य वीज देतात, ते पेसमेकर आणि फिट्स येणाऱ्यांनी टाळायचं. वाळलेल्या वनस्पतीची कांडी पेटवून शेक देतात, त्याला मोक्सा म्हणतात. त्याने भाजल्याचे डाग पडू शकतात आणि दम्याच्या माणसाला धूर सोसत नाही. पेले लावून कातडी ओढतात, त्याचे गोल काळेनिळे डाग आठवडाभर राहतात. कातडीला चिरा देऊन रक्त काढायचं म्हटलं तर नकार द्या. कानाला बिया चिकटवून वजन उतरतं, यावर पैसे घालवू नका.

नंतर काय होऊ शकतं

बारीकसं रक्त, निळा डाग, एखादा दिवस अंग जड, कधी मूळ दुखणं थोडं वाढून मग उतरणं, हे नेहमीचं. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली गेली, त्यात ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला. बहुतेक वेळा रक्त किंवा निळा डाग. दोघांच्या फुप्फुसाला मात्र सुई लागून छातीत हवा भरली. लाखांत एखादा, आणि तिथे सुई लावणारे सगळे डॉक्टर होते हे विसरू नये.

ही एक गोष्ट मात्र लक्षात राहू द्या. मानेच्या मुळाशी, खांद्याच्या वरच्या मांसल भागात, पाठीच्या वरच्या बाजूला किंवा छातीवर सुया लावल्या असतील आणि त्यानंतर श्वास घेताना टोचायला लागलं, धाप लागली, कोरडा खोकला सुटला, तर थांबू नका. हे तिथल्या तिथेही होतं आणि घरी पोचून काही तासांनी, रात्री जेवणं झाल्यावरही. इस्पितळात गेल्यावर "आज पाठीला सुया लावल्या होत्या" हे पहिलं वाक्य असू द्या. कितीतरी जण संकोचाने ते सांगत नाहीत आणि डॉक्टर हृदय तपासत बसतात. तसंच सुईच्या जागी दोन-तीन दिवसांनी लाल सूज, पू किंवा ताप आला तर दाखवायचं.

किती वेळा, किती पैसे, कधी थांबायचं

एका सिटिंगमध्ये चमत्कार होत नाही. डोकेदुखीसाठी ब्रिटनच्या 'नाइस' ने २०१२ मध्ये पाच ते आठ आठवड्यांत दहापर्यंत सिटिंग सुचवली होती. साधारण हाच अंदाज धरून चालावं, आठवड्याला एक किंवा दोन. पण दहाचे पैसे आगाऊ देऊ नका. "एकदम भरलंत तर दोन फुकट" ही सवलत फरक पडला नाही तरी तुम्हाला बांधून ठेवते, आणि भरलेत म्हणून माणूस उगाच जात राहतो. प्रत्येक वेळेचे द्या, पावती घ्या. पॅकेजच घ्यायचं झालं तर मध्येच सोडल्यास किती परत मिळणार ते कागदावर लिहून घ्या. आरोग्यविम्यात हा खर्च बसतो का, ते पॉलिसी बघून आधी विचारा. बसेलच असं धरू नका.

फरक मोजायला साधी वही पुरते. सुरू करण्याआधीचा एक आठवडा रोज रात्री दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्या. त्याखाली एक रोजचं काम लिहा: देवळाच्या पायऱ्या न थांबता चढता आल्या का, पाटावर बसून उठता आलं का, किती वेळा गोळी घ्यावी लागली. सुया सुरू झाल्यावर तेच चालू ठेवा. "बरं वाटतं" या शब्दांवर जाऊ नका. सिटिंग संपवून बाहेर पडताना सगळ्यांनाच बरं वाटतं.

सहाव्या सिटिंगला वही घेऊन बसा, उपचार करणाऱ्यालाही दाखवा. सातवरून सहावर आलेला आकडा म्हणजे फार काही नाही, सातवरून चारवर आला आणि गोळ्याही कमी झाल्या तर पुढची चार घ्यायला हरकत नाही. काहीच हललं नसेल तर तिथेच थांबा. अजून दहा घ्या, मुळापासून जाईल, असं सांगितलं जाईल. ज्याचा आकडा सहा वेळांत जागचा हलला नाही, त्याने त्याच पैशांत चांगला फिजिओथेरपिस्ट गाठावा आणि सांगितलेले व्यायाम घरी नेमाने करावेत. कंबर आणि गुडघ्याला व्यायामाचा पुरावा सुयांपेक्षा भक्कम आहे, फक्त तो आपल्यालाच करावा लागतो म्हणून कोणाला आवडत नाही.

फरक पडला तरी रक्तदाबाच्या, साखरेच्या, फिट्सच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. दुखण्याची गोळी कमी करायची असेल तर ज्या डॉक्टरने लिहून दिली त्यांना वही दाखवून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे.